मदत हवी आहे: सिझेरियननंतर ताईचं पोट उघडंच ठेवलं आहे

नमस्कार. मी देवगड तालुक्यातला. आयसीयूबाहेर बसून लिहितोय, मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

परवा ताईचं दुसरं सिझेरियन जिल्ह्यातच झालं. वार जुन्या टाक्यांच्या जागी आत रुतली होती, सुटेना. रक्त थांबेना म्हणून गर्भपिशवी काढली, पोटात मॉप (रक्त शोषणारे कापडी पॅड) दाबून ठेवले आणि १०८ ने फोंडा घाटातून कोल्हापूरला आणलं. इथे काल रात्री पोट टम्म फुगलं, लघवी जवळजवळ बंद झाली, व्हेंटिलेटरवरही हवा आत जाईना. लघवीच्या नळीतून पोटातला दाब मोजला तो २६ आला. लगेच ओटीत नेलं, मॉप काढले, पण आतडी इतकी सुजली होती की पोट शिवलंच नाही. वर सलाइनच्या पिशवीसारखं प्लास्टिक शिवलं आहे. त्याखाली आतडी दिसतात.

आई विचारते, "पोट शिवूक नाय तर माझा चेडू जगतला कसा?" मला उत्तर देता येत नाही.

असं किती दिवस ठेवतात? तिला खायला काही देता येईल का? बाळ बरं आहे, मावशीजवळ आहे, पण दुधाचं काय करायचं? आणि डॉक्टर भेटतात पाच मिनिटं, तेवढ्यात नेमकं काय विचारू?

प्रतिसाद

दादा, मी मुंबईत सर्जिकल आयसीयूत सिस्टर आहे, माहेर मालवण. आईला आधी हे सांगा की पोट शिवायचं राहून गेलेलं नाही, मुद्दाम उघडं ठेवलंय. आयसीयूतल्या पेशंटचा पोटातला दाब साधारण ५ ते ७ असतो, बाळंतिणीचा थोडा जास्त असू शकतो. २० च्या वर जाऊन किडनी, फुप्फुसं अडायला लागली तर पोट मोकळं करावं लागतं. सुजलेली आतडी ओढून आत शिवली असती तर दाब पुन्हा तिथेच गेला असता. त्या प्लास्टिकला बोगोटा बॅग म्हणतात. १९८४ साली कोलंबियात बोगोटाच्या ओस्वाल्दो बोराएस या सर्जननी सलाइनचीच पिशवी वापरली होती. काही ठिकाणी त्याऐवजी पोटातलं पाणी ओढून घेणारं व्हॅक मशीन लावतात.

साधारण एक-दोन दिवसांनी पुन्हा ओटीत नेऊन धुतात आणि मिटतंय का बघतात. पाच मिनिटांत हेच विचारा: आज दाब किती, तासाला लघवी किती, आणि आतलं शीथ (पोटाच्या स्नायूंवरचा घट्ट पडदा) कधी मिटवायचा विचार आहे? आठवडाभरात मिटलं तर फार बरं. जितके दिवस जास्त, तितकी आतडी चिकटतात, फिस्टुला (आतड्याला भोक पडून आतलं बाहेर येणं) व्हायची भीती वाढते. म्हणून हा प्रश्न रोज विचारा, संकोच करू नका.

आतड्याला इजा नसेल तर नाकातल्या नळीतून अन्न लवकर सुरू करता येतं. ते हवंच, कारण पोटातून जे पाणी जातं त्याच्या लिटरमागे १२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं जातात.

दूध: तिथल्या सिस्टरना दर तीन तासांनी पंपाने काढायला सांगा, नाहीतर छाती दगडासारखी होते, ताप येतो आणि ताप कशाचा ते कळत नाही. बाळाला द्यायचं की नाही ते औषधं बघून डॉक्टर ठरवतील. एवढं रक्त गेल्यावर कधी दूध उतरतच नाही. तसं झालं तर मुद्दाम त्यांच्या कानावर घाला, मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला धक्का बसलेला असू शकतो.

धागाकर्ता

ताई, तुमचे आभार कसे मानू. संध्याकाळी विचारलं: दाब १३, लघवी तासाला ४० मिली. मालवणीतच आईला समजावलं. "मुद्दाम ठेवल्यानी मा?" असं तिने दोनदा विचारलं, मग दोन घास जेवली.

उद्या सकाळी पुन्हा ओटी आहे. बी पॉझिटिव्ह रक्त देणारं कोल्हापुरात कुणी असेल तर कृपया इथेच लिहा.