शिंप्याच्या दुकानात इंग्रजी प्रत्यय: शिकवावेत की नाही?

डिचोलीचा मास्तर
चौथीपर्यंत मराठीत शिकून पाचवीला एकदम इंग्रजीत पडलेली पोरं माझ्याकडे शिकवणीला येतात. प्रत्ययांची यादी घोकून घेताना तीही कंटाळली, मीही. शेवटी यादी फेकली आणि कपडे घेतले. गणेश चवथीच्या आधी शिंप्याला आपण काय सांगतो? आखूड कर, घट्ट कर, सैल कर, रुंद कर. शॉर्टन, टायटन, लूसन, वाइडन. चारही शब्दांना एकच शेपूट, 'एन'. पुढे स्लीव्हलेस, वॉशेबल, बॅगी ओघानेच आले. 'बिनबाह्यांचा' म्हणताना आपण नकार पुढे लावतो, इंग्रजी तो मागे लावते, हे एका मुलीने आपणहून सांगितलं. रेशीम-रेशमी, लोकर-लोकरी ज्यांना येतं, त्यांना वूल-वूलन जड का जावं? माझं मत ठाम आहे: पाचवीला यादी नकोच.

फोंड्याची सून
सर, तुमची चार उदाहरणं गोड आहेत कारण ती तुम्ही निवडलीत. माझ्या मुलाला अशाच एका शिकवणीत 'करणारा' म्हणजे 'अर' असं शिकवलं. त्याची मावशी कपडे शिवते, म्हणून त्याने निबंधात 'सो' म्हणजे शिवणे, त्याला 'अर' जोडून तिला सूअर करून ठेवलं. स्पेलिंग तेच, पण वाचणाऱ्याला आधी गटार दिसतं! मावशी अजून बोलत नाही. दुकानात ड्रेसर मागितला तर कपाट मिळतं, आणि ड्रेसिंग म्हटलं की इथे जखमेची पट्टी. शब्द अख्खा शिकवा. तुकडे जोडायला ते काय लेगो आहेत?

बाजारकर
मावशीबद्दल वाईट वाटलं, पण हसूही आवरलं नाही. 😄
मडगावात कपड्यांच्या दुकानांवर 'होजिअरी' वाचत मोठा झालो. होज म्हणजे पायमोजे, ते विकणारा होजिअर, त्याचा माल होजिअरी. शेपटाला शेपूट. हे मला चाळिशीत कळलं, तेव्हा शाळेत कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आणि गोंयकाराला हे नवीन का वाटावं? रोज सकाळी पोंपों करत येणारा पदेर, म्हणजे पाववाला, पोर्तुगीज 'पादेइरु'वरूनच आला. सापातु म्हणजे बूट, सापातेइरु म्हणजे चांभार. 'करणारा' दाखवणारं शेपूट आपण पावाबरोबर खाल्लंय.

फोंड्याची सून
पदेर आपण अख्खा शब्द म्हणून शिकलो, बाब. 'एइरु' तोडून कुणी शिकवला होता? माझा मुद्दा तोच.
आणि सर, शिंप्याला आपण 'लांब कर' आणि 'बारीक कर' असंही सांगतो. मुलाने लाँगन आणि थिनन लिहिलं. दोन्ही चूक.

डिचोलीचा मास्तर
चूक आहेत, पण त्या चुकांमागेही नियम आहे. शब्दाच्या शेवटी न, म, ल, र, ङ किंवा स्वर ऐकू आला की हा क्रियापद करणारा 'एन' सहसा चिकटत नाही. म्हणून थिन, स्लिम, नॅरो कोरेच राहतात. लाँगही अडतो, पण लेंग्थच्या शेवटी 'थ' आहे, म्हणून लेंग्थन होतं. रंगांवर करून बघा: ब्लॅकन, व्हाइटन, रेडन आहेत, ग्रीन, ब्राऊन, ब्लू, येलोला हे शेपूट नाही. रंगीत चिंध्या टेबलावर ठेवून पोरांना वेगळ्या करायला लावलं, अर्ध्या तासात झालं.

फोंड्याची सून
मग 'बिगन' का नाही? शेवटी ग आहे.

डिचोलीचा मास्तर
बिगला लागत नाही, खरं आहे. मोठं करायला एनलार्ज, आणि तिथे 'एन' पुढे. म्हणजे शेपूट कुठे लागणार नाही ते नियम सांगतो, कुठे लागेलच याची हमी देत नाही.

फोंड्याची सून
हे तुम्ही पहिल्या दिवशी मुलांना सांगता का? की महिन्याभराने, निबंध तपासून आल्यावर?

डिचोलीचा मास्तर
महिन्याभराने. ते चुकलं माझं. सोमवारी चिंध्यांच्या आधी 'बिग' फळ्यावर लिहितो. यादी मात्र परत आणणार नाही.

बाजारकर
मावशीला कुणीतरी सांगा, शिवणारीसाठी सीमस्ट्रेस असा चांगला शब्द आहे. त्यातही शेपूट आहेच, पण तो वाद उद्या.