मागची खोली रिकामी करायची आहे, पण जिजी एक वस्तू हलू देत नाहीत

अमळनेरची_मधली_सून

नमस्कार मंडळी. आमचं घर जुनं. पुढचा भाग धाब्याचा, मागे नंतर स्लॅबच्या दोन खोल्या काढल्या. त्यातली एक खोली म्हणजे गोडाऊन झालीये. मुलगा पुढच्या वर्षी दहावीला, त्याला अभ्यासाला आणि झोपायला ती खोली द्यायची ठरवली आहे. श्रावणातल्या कानबाईच्या सणाआधी घर सारवून-रंगवून होतं तेव्हाच हे काम उरकावं असं मनात आहे.

आता खोलीत काय काय आहे ते ऐका. गव्हाची पत्र्याची कोठी, दादर ज्वारीची दुसरी, तुरीच्या डाळीचा डबा. सासऱ्यांच्या काळातले पितळी हंडे-घागरी एकात एक घातलेले. गाद्यांची चळत. कागदांनी भरलेली एक पत्र्याची पेटी. आहेराच्या साड्यांची मोठी ट्रंक. ठिबकच्या जुन्या नळ्यांची गुंडाळी, बारदान, एक बाज जिची सुंभ तुटलीये, बंद पडलेला कूलर, आणि फवारणीच्या औषधांचे रिकामे डबे, ज्यांत जिजी खिळे, सुतळी, वाळवलेल्या बिया असं काय काय ठेवतात.

जिजी म्हणजे माझ्या सासूबाई. कशालाही हात लावला की, "ऱ्हाऊ दे, कामे येई." मी त्यांना मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, की सहा महिन्यांत जी वस्तू वापरली नाही ती काढायची. त्यांनी पूर्ण पाहिला आणि म्हणाल्या, "मंग कानबाईना चौरंग भी काढी टाक." मला पुढे बोलताच येईना.

कोणी असं जुनं घर आवरलंय का? आणि हो, गव्हाच्या कोठीत यंदा सोंडे होऊ नयेत म्हणून गोळ्या टाकल्यात, अजून थोडा वास येतो. तो किती दिवस राहतो?

शिरपूर_ते_हिंजवडी

वहिनी, भावनेत अडकू नका. आठवण असलेल्या वस्तूचा फोटो काढा आणि वस्तू देऊन टाका. पारदर्शक प्लॅस्टिकचे डबे आणा, लेबलं लावा. गहू वर्षाचे घेताच कशाला? पाच-पाच किलोच्या पिशव्या आणायच्या. आम्ही एका रविवारात अख्खा फ्लॅट मोकळा केला.

अमळनेरची_मधली_सून

भाऊ, गहू घरच्याच शेतातले आहेत. ते विकून पिशवीतले आणायचे का?

भुसावळच्या_काकू

सूनबाई, तुझ्या जिजींनी त्या व्हिडिओला बरोबर उत्तर दिलंय. सहा महिन्यांचा हिशोब शहरातल्या दोन खोल्यांना ठीक. आपल्याकडे घर वर्षावर चालतं. खापर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला निघतं, पुरणाच्या पोळ्या झाल्या की परत माळ्यावर. कानबाईचा चौरंग नागपंचमीनंतरच्या रविवारी. कुरडयांचा सोऱ्या उन्हाळ्यात. बैलांच्या झुली पोळ्याला. यातलं काय सहा महिन्यांत दोनदा लागतं? काहीच नाही. पण म्हणून ती अडगळ होत नाही.

म्हणून महिने मोजू नकोस, सण मोज. वस्तू हातात घ्यायची आणि जिजींनाच विचारायचं, ही कोणत्या दिवशी निघते? दिवस सांगता आला, तर ती राहिली. त्या दिवसाच्या वस्तू एका जागी ठेव. आखाजीचं सगळं एका पेटीत, कानबाईचं एकीत. दिवस सांगता आला नाही, जिजी नुसत्याच "कामे येई" म्हणाल्या, तर ती वस्तू बाजूच्या ढिगात. मी आमच्या वाड्यात असंच केलं. सासूबाई स्वतः म्हणायला लागल्या, "याला काही दिवस नाही बाई, घे तिकडे."

दुसरं, त्यांच्या माघारी काही काढू नकोस. त्यांना खाटेवर बसव, चहा दे, आणि तू फक्त उचलून दाखव. आणि टाकू का असं विचारायचंच नाही. कोणाला देऊ ते विचार. शेतावरच्या सालदाराच्या पोरीचं लग्न आहे, नाहीतर नणंदेला हवं होतं, असं नाव त्या स्वतःच काढतात. नाव निघालं की वस्तू त्याच दिवशी पोचवायची. दाराशी पिशवी बांधून ठेवलीस तर संध्याकाळी ती परत आत गेलेली दिसेल.

आता ट्रंक. आहेराची ट्रंक म्हणजे सगळ्यात मोठं दुखणं. त्यात नेसायची साडी एक नसते, सगळ्या द्यायच्या. कोणाच्या तरी लग्नात आलेली, आपण कोणाला तरी द्यायची, तिने पुढे. आमच्याकडे एक मोरपंखी नायलॉनची साडी फिरत फिरत परत आमच्याच घरी आली होती, घडीवरचा डाग ओळखीचा! ट्रंक पूर्ण उपसून उन्हात नव्हे, सावलीत पसर. ज्या साडीच्या घडीवर पिवळी रेघ पडलीये, जर काळी पडलीये, ती आता कोणाला आहेरात देता येत नाही, दिलीस तर नावच ठेवतील. त्या वेगळ्या काढ, गोधडी शिवणाऱ्या बाया आनंदाने नेतात, नाहीतर बोहारणीला दे. उरलेल्यांवर कोणाकडून आली त्या नावाची चिठ्ठी दोऱ्याने टाचून ठेव. टाचणी लावू नकोस, पावसाळ्यात गंजते आणि साडी जाते. टॉवेल-टोपी, ब्लाउज पीस एका पिशवीत. आणि यापुढे घरच्या पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापा. आमच्या भाऊबंदकीत आता बहुतेक पत्रिकांवर असतं, तरी दोन-चार जण आणतातच, ते सोड.

गाद्यांचं म्हणशील तर, पाहुण्यांसाठी एवढ्या लागत नाहीत. बिछायत केंद्रवाला गाद्या, उशा, मोठी पातेली, झारे सगळं भाड्याने देतो आणि घरी आणून टाकतो. घरच्या कापसाच्या चांगल्या दोन-चार पिंजून घे. बाकीच्या ज्यांत गाठी झाल्यात त्या दे.

पितळेला मात्र घाई करू नकोस. दारावरून ओरडत जाणाऱ्याला तर मुळीच देऊ नकोस. बाजारात भांड्यांच्या दुकानात मोड म्हणून ने. तांबं वेगळं, पितळ वेगळं तोलायला सांग, भाव वेगळा असतो. हंड्याची लोखंडी कडी घरीच काढून ने, नाहीतर तिच्या नावाखाली अख्ख्या हंड्याला घट लावतात. काटा आपल्या समोर शून्यावर आलेला पाहायचा. एक घागर आणि एक पातेलं ठेव. पातेल्याला कलई मिळत असेल तरच, कारण बिनकलईच्या पितळेत ताक-आमटी कळकते.

तात्या_धरणगाव

काकूंनी घराचं सांगितलं, मी पेटीतल्या कागदांचं सांगतो. रद्दीवाल्याला किलोवर पेटी ओतून देणारे लोक पाहिलेत मी.

खरेदीखत, वाटणीपत्र, हक्कसोड, मृत्युपत्र, जुने फेरफार, मोजणीचे नकाशे हे सगळं ठेवायचं, कितीही पिवळं पडलं तरी. सातबाराच्या ढीगभर झेरॉक्स मात्र जाऊ द्या, डिजिटल सहीचा उतारा आता ऑनलाइन मिळतो. हाताने लिहिलेला जुना उतारा आणि आजचा उतारा यांत नाव किंवा क्षेत्र वेगळं दिसलं, तर तो जुना जपून ठेवा, भांडणात तोच लागतो. जुन्या दस्ताला लॅमिनेशन करू नका. लोक कौतुकाने करतात, पण कागद आतल्या आत चिकटतो आणि पुढे शाई-शिक्का तपासायची वेळ आली की पंचाईत. कापडी पिशवीत, आडवे, भिंतीपासून लांब ठेवा. पेटीचा तळ आधी पाहा. उधई, म्हणजे वाळवी, खालून येते आणि वरचे कागद शेवटपर्यंत चांगले दिसतात.

जुनी पासबुकं सापडली तर फेकू नका. बँकेतल्या खात्यात 10 वर्षं काही व्यवहार नसला की पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण ते बुडत नाहीत, वारसाला नंतरही मागता येतात. 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने 'उद्गम' नावाचं पोर्टल सुरू केलंय, नाव टाकून बऱ्याच बँकांतलं एका जागी शोधता येतं. कागदी शेअर सर्टिफिकेट निघालं तरी तेच. एप्रिल 2019 पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावे विकता येत नाहीत, आधी डीमॅट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक खात्यात जमा करावे लागतात. तरी ते शेअर मेले असं समजू नका. लाभांश सलग 7 वर्षं कोणी घेतला नसेल तर शेअरही सरकारी निधीकडे जातात, तिथून अर्ज करून परत मिळतात. वेळ खातं, पण मिळतं.

आणि प्रत्येक जुनी वही झटकून पाहा. म्हाताऱ्या माणसांची बँक वहीतच असते. 2000 ची नोट सापडली तर घाबरू नका, ती 2023 मध्ये चलनातून मागे घेतली असली तरी रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात जमा करता येते, पोस्टाने पाठवूनही. 2016 आधीच्या 500-1000 च्या सापडल्या तर मात्र तो कागदच.

कृषी_केंद्र_चोपडा_रोड

सगळ्यांनी पसाऱ्यावर लिहिलं, ताईंचं शेवटचं वाक्य कोणी वाचलं नाही का? ताई, आधी हे करा, बाकी सगळं नंतर.

गव्हातल्या गोळ्या त्या राखाडी, हवा लागली की भुकटी होणाऱ्या असतील तर त्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या, लोक सल्फास म्हणतात त्या. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन वायू निघतो. वास लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा. वास येतोय म्हणजे वायू बाहेर येतोय, आणि वास गेला म्हणजे धोका गेला असंही नाही. या वायूवर उतारा म्हणून औषध नाही. या गोळ्या राहत्या घरात वापरायच्याच नसतात, दुकानातून कोणालाही विकायलाही परवानगी नाही, तरी गावोगावी मिळतात हे मलाही माहीत आहे.

त्या खोलीत आणि तिला लागून असलेल्या खोलीत आज रात्री कोणी झोपायचं नाही. बाहेरून दारं-खिडक्या उघडून द्या आणि तिथून लांब राहा. कोठी स्वतः उपसायला जाऊ नका. गोळ्यांवर किंवा भुकटीवर पाणी टाकू नका, त्याने वायू जास्त सुटतो. पेस्ट कंट्रोलचा परवाना असलेला माणूस बोलवून काढून घ्या. कोणाला मळमळ, डोकेदुखी, छातीत दाटल्यासारखं झालं तर दवाखान्यात जा आणि गोळ्यांचं नाव आधी सांगा, डॉक्टरांना नुसती फूड पॉयझनिंगची केस वाटू शकते.

पुढच्या वर्षी गहू कडक उन्हात वाळवा, दाताखाली टणकन फुटला पाहिजे. गार झाल्यावर कोठीत भरा, गरम भरले की आत घाम धरतात. एरंडेलाचा हात द्या. कोठी विटांवर, भिंतीपासून हातभर लांब. आणि ती मुलाच्या खोलीत नकोच, ओसरीवर आणा.

फवारणीचे डबेही घरातून काढा. कितीही धुतले तरी आतल्या प्लॅस्टिकला औषध धरून असतं. पुन्हा कोणी वापरू नये म्हणून भोकं पाडून टाका. बिया त्यात होत्या त्या खायला घेऊ नका.

अमळनेरची_मधली_सून

बापरे. त्याच गोळ्या आहेत, ह्यांनी तालुक्यावरून आणल्या होत्या. दारं-खिडक्या उघडल्यात आणि आम्ही सगळे पुढच्या घरात आलोय. पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन केलाय, सकाळी येतो म्हणाला. जिजींना कृषी केंद्रवाल्या दादांचं उत्तर वाचून दाखवलं. त्या एवढंच म्हणाल्या, "काबरं सांगं नही कोणी?"

काकू, तुमचा सणांचा हिशोब ओसरीवर बसून तोंडीच सुरू केला. ठिबकच्या नळ्यांना दिवस निघाला नाही, कूलरलाही नाही. बाजेला जिजींनी नाव काढलं, शेतावरच्या माणसाला द्यायची. पितळी हंड्यांना "मन्ही नातना लगीन" असा दिवस मिळालाय. नात सध्या चौथीत आहे. तांब्याचा बंब एक माळ्यावर निघाला, तो आम्ही विसरूनच गेलो होतो. त्याला मात्र जिजी गप्प बसल्या, म्हणजे जाऊ शकतो. त्याचा भाव तांब्याच्या मोडीत धरतात की वेगळा?

तात्या_धरणगाव

मोडीत तांब्याचाच धरतील, आतली लोखंडी जाळी आणि पाय वजा करून. पण तोटी गळत नसेल आणि आतली नळी फुटलेली नसेल तर मोडीत घालूच नका. आमच्याकडे हिवाळ्यात अजून बंबावरच पाणी तापतं. मी घेतो, दुकानापेक्षा जास्त देईन. पाणी भरून एक रात्र ठेवा आणि खाली ओल दिसते का तेवढं पाहून सांगा.