अमीना आया, रावजी हवालदार आणि गादीबाहेरचं बडोदं: कथनात्मक इतिहासाने किती भरायचं?

मांडवीकर

बडोद्याच्या इतिहासावर मराठीत जे लिहिलं गेलं, त्यातलं बहुतेक गादीभोवती फिरतं. १८७४-७५चं विषप्रयोग प्रकरण घ्या. ९ नोव्हेंबर १८७४ला रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्या पपनसाच्या सरबतात संखिया (सोमल) आणि हिऱ्याची पूड निघाली. १४ जानेवारीला बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाडांना अटक झाली, मग सहा जणांच्या आयोगापुढे चौकशी. तीन इंग्रज सदस्यांनी दोषी धरलं. जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि सर दिनकरराव यांनी आरोप शाबीत मानला नाही. तरी एप्रिल १८७५मध्ये गैरकारभाराच्या नावाखाली मल्हारराव पदच्युत झाले आणि मद्रासला गेले. एवढं सगळ्यांना ठाऊक आहे.

पण खटला उभा होता तो रेसिडेन्सीतल्या नोकरांच्या साक्षींवर. आया अमीना, हवालदार रावजी, जमादार नरसू. ही माणसं आपल्याकडच्या पुस्तकांत दोन ओळींत येतात आणि संपतात. माझं म्हणणं असं की त्यांना उभं करायचं तर कथनात्मक, म्हणजे गोष्टीसारखा सांगितलेल्या, इतिहासाशिवाय गत्यंतर नाही, आणि लेखकाला थोडं भरण्याची मुभा हवी. घटना बनवायच्या नाहीत. पण अमीना रात्री महाराजांच्या हवेलीवर गेली तेव्हा रस्ता कसा होता, तिला कसली धास्ती असेल, हे लिहायलाच हवं. नाहीतर ती कायम ‘साक्षीदार’च राहील.

मोडीदप्तर

विरोध आहे, आणि नेमका याच प्रकरणावरून आहे.

या साक्षी कशा मिळाल्या ते आधी बघा. रावजीचा जबाब माफीचं वचन देऊन घेतलेला. त्यानंतर त्याच्याच पट्ट्यात संखियाची पुडी सापडली, तीही तपासावर असलेल्या मुंबईच्या पोलिसांना. मल्हाररावांचे वकील सार्जंट बॅलंटाइन यांनी या पुडीवरच हल्ला चढवला: इतके दिवस पट्टा कुणी उलटूनही पाहिला नाही? नरसू कबुलीनंतर विहिरीत पडला. कथा लिहिणारा या पडण्याला पश्चात्तापाचा प्रसंग करणार, कारण प्रकरणाचा शेवट त्याने छान होतो. पोलिसांच्या ताब्यातल्या माणसाच्या पडण्याला इतरही कारणं असतात, हे मग वाचकाच्या डोक्यातही येणार नाही.

जबाब वाचण्याची एक साधी रीत आहे. दर जबाबासाठी पाच गोष्टी लिहून काढा: कुणी घेतला, तेव्हा साक्षीदार कुणाच्या ताब्यात होता, आधी कुणाचा जबाब त्याला कळलेला होता, तो कोणत्या भाषेत बोलला, आणि आपल्या हातात कितवी प्रत आहे. मग पोलिसांपुढचा जबाब डावीकडे, आयोगापुढचा उजवीकडे ठेवून कलमवार ताडा. जिथे दुसऱ्या वेळी तपशील वाढलेला दिसतो तिथे थांबा. स्मृती सहसा महिन्याभराने अधिक नेटकी होत नाही. नेटका होतो तो पढवलेला जबाब. कथन हे खाचखळगे बुजवतं. अमीनाबद्दल आपल्याला जे खरं कळू शकतं ते त्या खाचखळग्यांतच आहे.

आणखी एक. आयोगाचं कामकाज इंग्रजीत छापलेलं आहे. साक्षीदार हिंदुस्थानी, मराठी, गुजरातीत बोलले. आज कुणी मराठी पुस्तकात रावजीच्या तोंडी अवतरणचिन्हांत वाक्य घातलं, तर ते त्या लेखकाचं वाक्य आहे, रावजीचं नव्हे. अशा ठिकाणी अवतरणचिन्ह वापरूच नये. ‘रावजीने असं सांगितल्याची नोंद आहे’ इथवर थांबावं.

मांडवीकर

अवतरणचिन्हांचं मान्य. बाकीचं नाही. तुम्ही जी पद्धत सांगता तिने पुरावा तपासला जातो, माणूस दिसत नाही. आणि वातावरण पुराव्यावरून भरता येतंच की. उदाहरण देतो. १० ऑक्टोबर १८७४ला सूर्यग्रहण होतं, म्हणजे अमावास्या. तिथून एक चांद्रमास मोजला की ९ नोव्हेंबरही अमावास्येलाच टेकतो, आणि ती दिवाळीची अमावास्या. सरबतात विष पडलं ते दिवाळीच्या दिवसांत! शहरात दिवे, रेसिडेन्सीत नोकरांची पोस्त मागण्याची वेळ. हे लिहिणं कल्पना नाही. नोकरांच्या हातात त्या आठवड्यात पैसे कुठून आले, या प्रश्नाकडे बघण्याची नजरच याने बदलते. तारीख कोरडी ठेवणाऱ्या पुस्तकांत हे मला कुठेच सापडलं नाही.

खंडेरावमार्केट

दोघेही विष प्रकरणातच अडकलात. खरे विसरलेले लोक त्याच्या आधीच्या चौकशीत आहेत. १८७३-७४मध्ये कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली राज्यकारभाराच्या तक्रारींची चौकशी झाली. त्यात प्रतिष्ठित घरांतल्या, लग्न झालेल्या बायकाही वाड्यात लौंडी, म्हणजे दासी, म्हणून जबरदस्तीने ओढून नेल्याच्या तक्रारी होत्या. मल्हारराव निर्दोष की दोषी यावर दीडशे वर्षं वाद चाललाय, आणि या बायकांवर एक धड प्रकरण नाही. मल्हाररावांना इंग्रजांचा बळी म्हणून रंगवणाऱ्यांना तर त्या अडचणीच्याच वाटतात.

त्या शोधायच्या कशा? अर्ज नवऱ्याच्या, भावाच्या किंवा बापाच्या नावावर असतो, त्यामुळे सूचीत बाईचं नाव शोधून काही हाती लागत नाही. आधी अर्जदार पुरुषांची यादी करायची, गाव आणि मोहल्ल्यासकट. मग खासगीकडच्या, म्हणजे राजघराण्याच्या, खर्चात शिधा, लुगडी, दाया, औषधपाणी या कलमांत माणसं किती वाढली ते पाहायचं. रक्कम आली की ती बाबाशाई (बडोद्याच्या नाण्याच्या) रुपयांत आहे की कलदार (इंग्रजी), हे आधी ठरवा. बट्टा, म्हणजे नाणं बदलतानाची वटावळ, न धरता दोन सालांचे आकडे शेजारी ठेवले की खर्च वाढला की नाणं बदललं, ते कळत नाही.

जोईताबाईचं प्रकरण तर याहून बोलकं. हरिभक्ती ही बडोद्याची नामांकित सावकारी पेढी. तिच्या मालकाची ही विधवा. पेढीचा कारभारी बाबा नाफडे याने मूल तिच्या पोटचं नाहीच असा आळ घेतला, आणि मालमत्ता तिच्या हातून गेली. रेसिडेंट आउट्रम यांनी १८५१मध्ये लाचखोरीवर, म्हणजे ज्याला बडोद्यात ‘खटपट’ म्हणत, जो अहवाल दिला त्यात हे प्रकरण आहे. अहवालाचा परिणाम असा की मुंबई सरकारने आउट्रम यांनाच बडोद्यातून हलवलं. पुढे डलहौसींनी त्यांना परत पाठवलं, म्हणून इतिहासात आउट्रम यांचा मानभंग आणि पुनरागमन शिल्लक राहिलं. जोईताबाई त्याची तळटीप झाली.

इथे तारखेची चूक जीवघेणी ठरते. पेढीच्या वह्या विक्रम संवतात आणि गुजराती संवत कार्तिकात बदलतो. कार्तिक ते डिसेंबर ५७ वजा करायचे, जानेवारीपासून आश्विनापर्यंत ५६. उत्तरेकडचा संवत चैत्रात बदलतो. ते कोष्टक इथे लावलं की चैत्र ते आश्विनातली प्रत्येक नोंद एक वर्ष मागे जाते. मूल कधी जन्मलं यावर जिथे बाईची अब्रू टांगलेली आहे, तिथे वर्षभराची गफलत म्हणजे आळ घेणाऱ्याच्याच बाजूने निकाल.

मोडीदप्तर

हे उत्तम. आणखी जुन्या कागदांत सुहूर सन येतो, ज्यात साल अरबी संख्याशब्दांत लिहितात, तिथेही हाच घोळ. ‘समान सबैन मया व अलफ’ म्हणजे ८, ७०, १०० आणि १०००, एकूण ११७८. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, पुढे ६००. घाईत ‘सबैन’चं ‘सबा’ वाचलं की सत्तरचे सात होतात. मोडीत शब्द तोडलेले नसतात, त्यामुळे साल अंकांनी पडताळल्याशिवाय पुढे जाऊच नये.

सुरसागरकाठ

मला वेगळाच आक्षेप आहे. विसरलेली आयुष्यं बाहेर काढताना जिवंत कुटुंबं उघडी पडतात, त्याचं काय? सयाजीरावांच्या पहिल्या महाराणी चिमणाबाई तंजावरच्या. १८८०मध्ये लग्न झालं, तेव्हा त्यांच्याबरोबर नृत्यांगना आल्या. गौरा आणि कांतिमती ही नावं नोंदलेली आहेत. संस्थानच्या कलावंत कारखान्यात, म्हणजे कलाकारांच्या खात्यात, त्यांना पगार होता, नियम होते. कुणी उद्या लिहिलं की अमुक घराणं यांच्यापासून निघालं, तर इतिहासकार टाळ्या घेतो आणि लग्नाच्या बोलणीत त्या घरच्या मुलीला ऐकावं लागतं. लौंडींचं तर विचारूच नका. काही गोष्टी विसरल्या गेल्या त्या त्या घरांनीच ठरवून विसरल्या. तो हक्क लेखकाने मोडू नये.

खंडेरावमार्केट

यावर माझा तीव्र मतभेद. घरांनी ठरवून विसरलं म्हणजे घरातल्या पुरुषांनी. लौंडी म्हणून नेलेल्या बाईला कुणी विचारलं होतं? आणि गौरा, कांतिमती यांच्यात लपवण्यासारखं काय आहे? त्या दरबारच्या पगारी कलाकार होत्या. लाज आपण चिकटवली. वंशज आज हयात असतील तर आडनाव आणि पत्ता छापू नका, वंशावळ तीन पिढ्या आधी थांबवा. एवढ्याने भागतं.

न्यायमंदिर

एक उदाहरण कुणीच काढलं नाही. १९१७मध्ये आंबेडकर संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यात आले, पारशी सराईत राहिले आणि काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढलं. आसरा मागितला तर एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्रानेही टाळलं. हा अन्याय आपल्याला कळला, कारण ज्याच्यावर झाला त्याने स्वतः लिहिला, आणि फार आवरून लिहिला. त्या लेखनात भरीव वर्णन कुठेच नाही, तरी वाचवत नाही. मांडवीकर, अमीनाला तुमच्या शब्दांची गरज आहे असं जे तुम्ही धरून चालता, ते मला पटत नाही.

मांडवीकर

आंबेडकर लिहू शकत होते. अमीनाने सांगितलं ते दुभाष्याने सांगितलं आणि कारकुनाने लिहिलं. तिचं आवरणं कुठून आणायचं? सरकारी इंग्रजीचा कोरडेपणा म्हणजे तिचा संयम नव्हे. मी दिवाळीची रात्र लिहिणार, रेसिडेन्सी ते हवेलीचा रस्ता लिहिणार, नोकराला त्या काळी काय पगार मिळे ते लिहिणार. आणि तिला भीती वाटली असेल हेही लिहिणार, ‘असेल’ ठेवून.

मोडीदप्तर

रात्र लिहा, रस्ता लिहा, पगार नाण्यासकट लिहा. ‘असेल’ मात्र पुढच्या आवृत्तीत गळतं, आणि त्यावरून लेख लिहिणारा दुसरा माणूस ‘अमीना घाबरली होती’ असं सरळ छापतो. भीतीबद्दल तिने काही सांगितल्याची नोंद तिच्या साक्षीत असेल, तर तो प्रश्न आणि ते उत्तर तसंच उतरवा. नसेल, तर ते वाक्य पुस्तकात नको.