सल्ला हवा: शॅबी व्हिंटेज फुलबागेचा मिक्स्ड मीडिया कॅनव्हास (नाशिक)

गोदातीर
नमस्कार मंडळी. डिसेंबरअखेर मावशींना निवृत्तीची भेट म्हणून १० × १२ इंचांचा मिक्स्ड मीडिया कॅनव्हास करायचा आहे. विषय जुनी, थोडी उजाड झालेली फुलबाग; शैली शॅबी व्हिंटेज, म्हणजे मुद्दाम जुनाट, झिजल्यासारखी दिसणारी. फिकट गुलाबी, राखाडी हिरवा, मळका पांढरा असे रंग मनात आहेत. लेस, जुनी छापील पानं, कागदी फुलं, थोडं गंजलेलं लोखंड हे सगळं घ्यायचंय. अॅक्रिलिक रंगांची सवय आहे, पण थरांवर थर कधी केले नाहीत. कॅनव्हास ताणलेला घ्यावा की बोर्ड? चिकटवायला फेविकॉल चालेल का? कामाचा क्रम काय ठेवावा? आणि नाशिकमध्ये काय कुठे मिळेल?

पानवेल
गोदातीर, आधी क्रम सांगते, कारण या प्रकारात बहुतेक बिघाड क्रम चुकल्यामुळे होतात. आधी सगळा उठाव (कागद, लेस, पेस्ट, फुलं चिकटवणं), मग सगळं पांढरं, मग रंग, मग पुन्हा थोडं पांढरं, आणि अगदी शेवटी मेण. मधला एक टप्पा जरी वर-खाली झाला तरी फुलं वेगळी, लेस वेगळी, कॅनव्हास वेगळा असं सुटं सुटं दिसत राहतं.

कॅनव्हास ताणलेलाच घ्या, कडेची जाडी पाऊण ते दीड इंच. जाड कडेवर लेस आणि पानं वळवता येतात. पण ताणलेलं कापड दाबलं की लवतं, आणि त्यावरचा जाड थर तडकतो. म्हणून मागच्या चौकटीच्या आत बसेल असा ३ मिमी एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाच्या बोर्डाचा) तुकडा कापून घ्या आणि काम चालू असताना कापडाखाली टेकवून ठेवा. जडावाचं काम जास्त असेल तर तो कायमचाच चिकटवून टाका.

पायाचा पहिला हात जेसोचा, म्हणजे रंग नीट धरावा म्हणून लावायच्या पांढऱ्या अस्तराचा. १०० मिलीची बाटली या मापाला पुरते. तो वाळला की कागद. जुन्या पुस्तकाचं किंवा पंचांगाचं पान हातानेच फाडा, कात्रीची सरळ कड लगेच डोळ्यात भरते. पान ओलं झालं की फुगतं आणि फुगे धरतं. म्हणून मिडियम (चिकटवायचं पारदर्शक अॅक्रिलिक द्रव्य) कॅनव्हासलाही लावा आणि पानाच्या मागेही, अर्धं मिनिट थांबा, मग मधून कडेकडे बोटाने दाबत जा. सगळा कॅनव्हास कागदाने झाकू नका, एक तृतीयांश पुरे.

त्यावर औषधाच्या दुकानातलं १० सेंमी रुंदीचं गॉज, म्हणजे जखमेवर बांधायचं जाळीदार कापड. वीतभर कापा, दोन्ही हातांनी आडवं ओढून मधे मधे भोकं पाडा, धागे सुटू द्या. मग लेस. लेस सुतीच हवी. नायलॉनची लेस जेसो पीत नाही, त्यामुळे रंग वर तरंगत राहतो. शंका असेल तर एक धागा जाळून बघा: सुती धाग्याची राख होते, नायलॉनचा वितळून मणी होतो.

यानंतर स्टेन्सिलने (नक्षी कापलेल्या पातळ साच्याने) टेक्स्चर पेस्ट, म्हणजे उठावाची घट्ट पेस्ट. बागेसाठी विटांची भिंत किंवा जाळी चांगली दिसते. थर दीड-दोन मिलिमीटर, सगळीकडे न लावता तुटक तुटक. स्टेन्सिल सरळ वर उचला आणि लगेच पाण्यात टाका. घरी पेस्ट करायची तर तीन भाग टाल्क पावडर, एक भाग पांढरा अॅक्रिलिक, एक भाग फेविकॉल, श्रीखंडाइतकी घट्ट. सैल झाली तर स्टेन्सिलखाली शिरते. भिंतीची सिमेंटवाली पुट्टी वापरू नका, ती ठिसूळ असते आणि लवणाऱ्या कापडावरून पोपडे धरून सुटते.

पेस्ट रात्रभर आपली आपण वाळू द्या. घाईने हीटगन (गरम हवा सोडणारं यंत्र) मारली तर वरची साय धरते, आतल्या पाण्याची वाफ अडकते आणि फोड येतात.

भेंडफूल
फुलांबद्दल. बाजारात मिळणारी मलबेरी कागदाची फुलं छान असतात, पण क्रेप कागदाची घेऊ नका. क्रेपचा रंग ओला जेसो लागताच सुटतो आणि शेजारची लेसही गुलाबी करून टाकतो.

माझी पसंती भेंडाच्या फुलांना. बाशिंगं, मुंडावळ्या करतात तेच भेंड. हलकं असतं, मूळचाच रंग मळकट दुधी असतो, त्यामुळे निम्मं काम आयतं झालेलं मिळतं. फक्त ते पाणी फार पितं. पातळ रंग लावला की पाकळी मऊ पडून मिटते. आधी एक भाग फेविकॉल आणि दोन भाग पाणी यांचा हलका हात द्या, वाळू द्या, मग कोरड्या ब्रशने फक्त पाकळ्यांच्या कडांना रंग.

या मापाला एक मोठं फूल (अडीच इंच), दोन मध्यम, पाच-सहा बारीक आणि दहा-बारा पानं पुरेत. मोठं फूल बरोबर मधोमध नको. डावीकडून आणि खालून एक तृतीयांशावर ठेवा आणि बाकीची त्याच्यापासून वर उजवीकडे तिरकी चढत जाऊ द्या. एखादं पान कॅनव्हासच्या कडेबाहेर आलं तर उत्तमच. निदान दोन पंचमांश जागा मोकळी राहिली पाहिजे. चिकटवण्याआधी सगळं कोरडंच मांडून फोनवर फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करून बघा. रंग गेल्यावरही मोठं फूल पहिलं दिसत असेल तर मांडणी जमली.

ताजी फुलं मात्र नकोत. आतली ओल राहते आणि थराखाली बुरशी येते. खरंच फूल हवं असेल तर बोगनवेल. तिचा रंगीत भाग मुळातच पातळ असतो, टीपकागदात घालून जड पुस्तकाखाली दोन-तीन आठवडे ठेवला की सपाट वाळतो. रंग पुढे फिका होत जातो, पण या शैलीला ते शोभतं.

द्राक्षमांडव
नाशिकमध्ये राहून वेल विकत कशाला घ्यायचा? द्राक्षांची गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) नुकतीच झालीय, ओळखीच्या बागेतून छाटलेल्या काड्या आणि ताणे मागून आणा. पेन्सिलीच्या निम्म्या जाडीच्या काड्या निवडा, वळणदार ताणे वेगळे ठेवा. पण त्यावर फवारणी झालेली असते, बोर्डो या मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाची निळसर पूडही बसलेली असते. हातमोजे घालून चांगल्या धुवा, आठवडाभर कडक उन्हात वाळवा. मोडताना कट्कन आवाज आला म्हणजे वाळली, नुसती वाकली तर अजून ओल आहे. मग पातळ फेविकॉलचा हात द्या, म्हणजे साल सुटत नाही.

बागेची जाळी करायला जळून गेलेल्या उदबत्तीच्या काड्या. दोन सेंमी अंतराने तिरक्या चौकड्यांत लावा, एकदोन मुद्दाम मोडक्या ठेवा.

जुनाबाजार
दुकानांचं: कॅनव्हास, जेसो, मिडियम यांसाठी मेन रोड-शालिमार भागातली स्टेशनरी आणि चित्रसाहित्याची दुकानं आधी बघा, कॉलेज रोडलाही चौकशी करा. जेसोच्या बाटलीवर अॅक्रिलिक लिहिलंय ना ते पाहा आणि झाकण उघडून तळाशी गोळा झालाय का तेही पाहा. सुती लेस, जुन्या काठांचे तुकडे शिवणकामाच्या सामानाच्या दुकानांत सुटे मिळतात. भेंडाचं काम पंचवटीतल्या पूजासाहित्याच्या दुकानांत विचारा, लग्नसराई जवळ आली की मिळणं सोपं जातं. येवल्याच्या पैठणीचा जरीकाठ लावायचा मोह होईल, पण जर फार चमकते. लावायचाच तर उलट्या बाजूने लावा.

लोखंडाविषयी एक सावधगिरी. खिळा, किल्ली, वॉशर ओल्या जेसोत ठेवलं की खरा गंज सुरू होतो आणि महिनाभराने पांढऱ्यातून पिवळे डाग वर येतात. लावण्याआधी सगळ्या बाजूंनी वॉर्निशचे दोन हात द्या. नुसता गंजाचा भास हवा असेल तर पुठ्ठ्यावर बर्न्ट सिएना स्पंजने टिपा, ओलं असतानाच थोडी दालचिनी पूड भुरभुरा, वाळल्यावर नारिंगीचे दोन-चार ठिपके.

मोडी कागद किंवा जुनी पत्रं घरात असतील तर मूळ कागदाला हात लावू नका. झेरॉक्स काढा. तिची शाई पाण्याने पसरत नाही, इंकजेट प्रिंटची पसरते. मागे लावायला पाट्यांचे शब्द शोधत असाल तर नाशिकचं मोगलकालीन नाव गुलशनाबाद. फुलबागेवर तेवढा एकच शब्द पुरे.

गोदातीर
सगळ्यांचे मनापासून आभार. गुलशनाबाद नक्की घेणार. आता रंगांचं सांगा. गुलाबी आणि हिरवा एकत्र आले की चिखल होतो म्हणतात, तो कसा टाळायचा? आणि फेविकॉलचं काय ठरलं?

रंगपेटी
चिखल होतो कारण तांबडा आणि हिरवा एकमेकांना मारतात. दोन्ही ओले असताना भेटले की तपकिरी. उपाय एकच: गुलाबी पूर्ण वाळू द्या, मग हिरवा, आणि दोघांच्या मधे बोटभर पांढरी पट्टी सोडा.

पण त्याआधीचा पांढरा टप्पा गाळू नका. फुलं, वेल, जाळी, लेस, पेस्ट सगळं पक्कं बसलं की सगळ्यावर जेसोचा हात. फुलांवर मात्र ब्रश कापडाला पुसून, जवळजवळ कोरडा, नाहीतर पाकळ्या लोळतात. कागदावरची अक्षरं थोडी दिसू देत. या हातामुळे कापड, कागद, भेंड सगळं सारखंच रंग शोषतं. तो नसेल तर एकच गुलाबी लेसवर गडद आणि पेस्टवर फिका पडतो.

रंग पाचच घ्या: टिटॅनियम व्हाइट, क्रिमसन, सॅप ग्रीन, येलो ऑकर, रॉ अंबर. मळका गुलाबी म्हणजे आठ भाग पांढरा, एक भाग क्रिमसन, अर्धा भाग रॉ अंबर. क्रिमसन फार चढतो, पांढऱ्यात तो थेंबाथेंबाने घाला, उलट करू नका. राखाडी हिरव्यासाठी पाच भाग पांढरा, एक भाग सॅप ग्रीन, आणि त्यातच तयार गुलाबीचा एक ठिपका. मारक रंगाचा तेवढा ठिपका पडला की हिरव्याचा भडकपणा जातो.

लावताना एक भाग रंगाला चार भाग पाणी, जुन्या मोज्यातून गाळून स्प्रेच्या बाटलीत. गाळलं नाही तर नळी तुंबते आणि मोठे थेंब पडतात. फुटभर अंतरावरून फवारा, कॅनव्हास उभा धरा, एकदोन ओघळ खाली येऊ द्या, बाकीचे टिपून घ्या. स्प्रेची तयार शाई घेतलीत तर ती डाय शाई नाही ना ते बघा. डाय शाई वाळल्यावरही पाण्याने जागी होते आणि वर पांढरा मारला की तोच गुलाबी होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुनं दिसायला लोक सगळीकडे तपकिरी फासतात. मग ते जुनं दिसत नाही, घाण दिसतं. खरी जुनी वस्तू जिथे हात लागतो, ऊन-पाऊस लागतो तिथे झिजते, आणि मळ खाचेत साचतो. म्हणून रॉ अंबर अगदी पातळ करून फक्त खाचांत सोडा आणि वरचं लगेच ओल्या कापडाने पुसा. मग रुंद, राठ ब्रशवर किंचित पांढरा घ्या, कागदावर जवळजवळ सगळा पुसून टाका आणि ब्रश आडवा धरून उंचवट्यांवरून नुसता फिरवा. लेसची नक्षी, विटांची कड, पाकळीचं टोक एकेक करून वर येताना दिसेल. दिसायला लागलं की हात थांबवा.

पानवेल
फेविकॉल: कागद, गॉज, लेस, भेंड यांना बिनधास्त चालतो, तीन भाग फेविकॉलला एक भाग पाणी. वाळलेला फेविकॉल ओलीने पुन्हा मऊ पडतो, म्हणून वरून जेसो किंवा वॉर्निश हवंच. धातू, मण्यांसारख्या न शोषणाऱ्या वस्तूंना मात्र घट्ट जेल मिडियम लावा. वस्तू नुसती टेकवू नका, मिडियमचा ढीग करून त्यात अर्धी रुतवा, म्हणजे कडेने धरून राहते. ग्लूगन टाळा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे सुटतात, गुळगुळीत धातूवरून तो गोंद उचकटतो, आणि उन्हात उभ्या गाडीत मऊ पडतो.

क्रॅकल, म्हणजे जुन्या रंगासारख्या भेगा, हव्या असतील तर फेविकॉल कामाचा आहे. कोपऱ्यात जाडसर थर द्या, बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही एवढा सुकला की वर अॅक्रिलिकचा एकच हात. त्याच जागी दुसऱ्यांदा ब्रश फिरवला की भेगा बुजतात. खालचा थर जाड तितक्या भेगा मोठ्या.

द्राक्षमांडव
डिसेंबरचं काम आहे म्हणून सांगतो. पारा १० अंशांच्या खाली गेला की अॅक्रिलिक मिडियमचा पापुद्रा नीट धरत नाही, दुधाळ किंवा भुसभुशीत राहतो. नाशिकला, त्यातून निफाडकडे, पहाटे तेवढी थंडी पडते. त्यामुळे जेसो, मिडियम, वॉर्निश सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळात लावा आणि रात्री काम गॅलरीत न ठेवता घरात ठेवा.

रंगपेटी
शेवटचा हात मॅट वॉर्निशचा, पातळ, दोनदा. बाटली हलक्या हाताने नीट ढवळा. मॅटपणा देणारी पूड तळाशी बसते, तशीच वापरली तर पांढरे पट्टे येतात. त्यानंतर फिक्या सोनेरी रंगाचं मेण, बोटाच्या टोकाने, फक्त किल्ली आणि जाळीच्या कडांना. मेणावर पुढे काहीच चिकटत नाही, म्हणून ते सगळ्यात शेवटी.

गोदातीर
शेवटचा प्रश्न. बांधून बसने पुण्याला न्यायचाय. बबल रॅपमध्ये गुंडाळू का?

भेंडफूल
थेट नको. अॅक्रिलिक वरून वाळलेलं वाटलं तरी आत पक्कं व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर बबलचे गोल ठसे उमटतात. ५ डिसेंबरपर्यंत वॉर्निश उरकून टाका. नेताना कॅनव्हासपेक्षा दोन इंच खोल खोका घ्या, कॅनव्हासची पाठ खोक्याच्या तळाला दोन दोऱ्यांनी बांधा, म्हणजे फुलांना वरून काहीच टेकत नाही. वर नुसता बटर पेपर अंथरा. मागच्या चौकटीला वरून एक तृतीयांशावर दोन्ही बाजूंना डी कड्या आणि तार आधीच लावून द्या. फुलं चिकटवल्यावर कॅनव्हास पालथा घालून स्क्रू मारता येत नाहीत, तेव्हा हे काम पहिल्या जेसोच्या आधी करा.