ब्लूग्रास म्हणजे नुसता बँजो नव्हे

डोंगरवारा:
'आवडते अल्बम' धाग्यावर रीफवेडा यांनी लिहिलंय, "ब्लूज-रॉक ऐकणाऱ्याने ब्लूग्रासच्या वाटेला जाऊ नये. सगळी गाणी सारखी, बँजोची टणटण तेवढी." हे डोक्यात गेलं, म्हणून वेगळा धागा. ब्लूग्रास म्हणजे गिटार, फिडल, मँडोलिन, बँजो अशा तारवाद्यांवरचं अमेरिकन संगीत. गिटारवादक टोनी राइसचा 'मँझानिटा' (१९७९) ऐका. अख्ख्या अल्बममध्ये बँजो नाही. स्लाइड गिटारवर जीव टाकणाऱ्याला जेरी डग्लसचा डोब्रो (आडवी धरून तारांवर धातूची पट्टी सरकवत वाजवायची गिटार) परका वाटूच शकत नाही. आणि टोनीची ती १९३५ची मार्टिन गिटार आधी क्लॅरेन्स व्हाइटकडे होती, बर्ड्स या रॉक बँडमधला तोच. अजून काय हवं?

रीफवेडा:
मोकळीक हवी. ऑलमन ब्रदर्स बँडचा 'ॲट फिलमोर ईस्ट' (१९७१) काढा. 'व्हिपिंग पोस्ट' तेवीस मिनिटं चालतं, एलपीची एक बाजू त्यातच संपते. ड्वेन ऑलमन आणि डिकी बेट्स हे दोन गिटारवाले एकमेकांना कुठल्या कुठे घेऊन जातात. तुमच्याकडे प्रत्येकाने आपलं कडवं वाजवायचं आणि माइकपासून मागे सरकायचं.

बँजोपंथी:
दोघंही चुकताय. बँजो नाही तर ते ब्लूग्रास नाही. डिसेंबर १९४५मध्ये बँजोवाला अर्ल स्क्रग्ज मँडोलिनवादक बिल मन्रोच्या बँडमध्ये आला, तीन बोटांचं ते वादन आलं, तेव्हा हे संगीत जन्मलं. स्क्रग्जचा 'फॉगी माउंटन बँजो' (१९६१) ऐका. 'मँझानिटा' हा गिटारचा उत्तम अल्बम आहे, बस्स.

डोंगरवारा:
मग मन्रोचं १९४०चं 'म्यूल स्किनर ब्लूज' कुठे ठेवणार? तेव्हा बँडमध्ये बँजो नव्हताच, स्ट्रिंगबीन हा बँजोवाला आला १९४२मध्ये. शिवाय गाणं मुळात जिमी रॉजर्सचं, त्याच्या 'ब्लू योडेल' या गाण्यांच्या मालिकेपैकी. म्हणजे ब्लूजच. रीफवेडा, हे तुमच्यासाठीही.

बँजोपंथी:
पाया खणला म्हणजे घर झालं का? चार अल्बम ऐकून लोक व्याख्या बदलायला निघतात.

डोंगरवारा:
किती ऐकलेत ते तुम्ही मोजू नका.

कॅरोलिनाकर:
मी नॉर्थ कॅरोलिनात राहतो, तिथल्या मर्लफेस्ट या संगीत महोत्सवाला जातो. तिथे स्टेजइतकीच मजा गाड्यांच्या तळावर असते, लोक गोल करून वाजवत बसतात. एका घोळक्यात दोन गिटार, फिडल, बास आणि एक मँडोलिनवाल्या आजी. बँजो नाही. आजी तारा दाबून प्रत्येक ऑफबीटवर असा कोरडा चॉप मारत होत्या की ड्रमची आठवण होऊ नये. बँजो नाही म्हणून कोणी उठून गेलं नाही.

बँजोपंथी:
जॅम वेगळा, रेकॉर्ड वेगळी.

निळी तार:
बँजोवरून भांडताय, पण तो आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांच्या परंपरेतून आला हे एकानेही लिहिलं नाही. मन्रो लहानपणी आर्नल्ड शुल्ट्झ या वादकाबरोबर वाजवत शिकला. कार्टर फॅमिली या गायक घराण्यातल्या ए. पी. कार्टरबरोबर डोंगरांत फिरून चाली लक्षात ठेवणारा लेस्ली रिडल. दोघंही काळे, दोघंही तळटिपेत. २०११मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूज गिटारवादक बडी गाय वाजवत होता आणि शेजारचे गृहस्थ म्हणाले, "हा क्लॅप्टनसारखा वाजवतो." अहो, उलटं आहे ते, क्लॅप्टनच बडीसारखा वाजवतो! ब्लूज गायक मडी वॉटर्सचा 'फोक सिंगर' (१९६४) ऐका. तरुण बडी अकूस्टिकवर, विली डिक्सन बासवर. त्याच डिक्सनला गाण्याच्या श्रेयासाठी लेड झेपेलिन या रॉक बँडवर १९८५मध्ये दावा लावावा लागला.

रीफवेडा:
झेपेलिनला प्रत्येक धाग्यात ओढायलाच हवं का?

निळी तार:
हो. 'होल लॉटा लव्ह'वर डिक्सनचं नाव आधीच असतं तर ओढलं नसतं.

रीफवेडा:
बरं. श्रेय आधीच द्यायला हवं होतं, तेवढं मान्य. पण झेपेलिनचा गिटारवाला जिमी पेज, त्याचा रीफ (गिटारची ती परत परत येणारी धून) मात्र त्याचाच.

कॅरोलिनाकर:
मूळ प्रश्न राहिला. 'मँझानिटा' ऐकला का?

रीफवेडा:
ऐकला. डोब्रो जबरदस्त आहे, टोनीचा उजवा हातही. पण ब्लूग्रास आवडलं असं मी म्हणणार नाही.

बँजोपंथी:
बरोबर आहे. ते ब्लूग्रास नाहीच.