मदत हवी आहे: चोपण रानातलं बर्ड्स बीक यंदा उगवलंच नाही

नमस्कार मंडळी,

तण काढण्याचा किंवा गवताळ रानं सावरण्याचा अनुभव असलेल्यांनी कृपया वाचा.

कॅलिफोर्नियात लिव्हरमोरच्या स्प्रिंगटाउन भागात चोपण जमिनीचा पट्टा आहे. तिथे मी रोपं मोजायला स्वयंसेवक म्हणून जाते. रोप म्हणजे पामेट-ब्रॅक्टेड बर्ड्स बीक, शास्त्रीय नाव क्लोरोपायरॉन पामेटम. वीतभर उंच, राखाडी हिरवं, एका वर्षात आयुष्य संपवणारं. १९८६ पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आहे. पानावर बोट फिरवलं की खरखर लागते. भिंगातून बघितलं तर मिठाचे कण चमकतात. मुळांनी ओढलेलं जास्तीचं मीठ ते असं पानांवाटे टाकून देतं. आणि पानं हिरवी असूनही शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटून रस ओढतं. आपल्या ज्वारीतला टारफुला याच कुळातला, त्यामुळे शेतकरी घरांतल्यांना हा प्रकार ओळखीचा असेल.

गेल्या उन्हाळ्यात एका छोट्या तुकड्यात चाळीसेक रोपं होती. यंदा एकही नाही. बाहेरून आलेलं रायग्रास गुडघाभर माजलंय आणि खाली जुन्या काडीचा असा थर आहे की हाताने बाजूला केल्याशिवाय माती दिसत नाही.

सोबतचे एक जण म्हणतात, सगळं गवत मुळासकट उपटू. मला धास्ती वाटते. त्यातच सॉल्टग्रास हे खाऱ्या जमिनीतलं इथलं मूळचं गवत आहे आणि बर्ड्स बीक बहुतेक त्याच्याच मुळांवर जगतं. ते गेलं तर पुढच्या वर्षी उगवलेल्या रोपाने धरायचं कुणाला? बी मातीत काही वर्षं जिवंत राहतं, म्हणून आशा सोडलेली नाही. पण ओल्या मातीत उमटलेले माझ्याच बुटांचे ठसे उन्हाळाभर तसेच घट्ट राहिलेले पाहिलेत, त्यामुळे तिथे दहा माणसं उतरवायचीही भीती वाटते.

रायग्रास न उपटता, बी धरण्याआधी नुसतं वरून कापलं तर पुरतं का? खाली बोटभर रोपं असली तर किती उंचीवर कापावं? काडीचा थर पावसाआधी उचलावा की नंतर? कुणी असं केलं असेल तर काय बिघडलं तेही सांगा.

बी घरी आणून कुंडीत लावण्याचा सल्ला मात्र नको, परवानगीशिवाय ते करता येत नाही. जागा सांभाळणाऱ्यांकडे आमची सूचना पहिल्या पावसाआधी लेखी द्यायची आहे.