बागेच्या पाइपची गन: टिकेल अशी कोणती घ्यावी?

ए-१०१ (बाग समिती): नमस्कार मंडळी. मागच्या बागेतल्या पाइपची गन परत गेली. खटका दाबला की पुढून कमी आणि मुठीतून जास्त पाणी येतं, माळीदादांची बाही कोपरापर्यंत भिजते. खटका सोडला तरी धार थांबत नाही. या वेळी घाईने कुठलीही आणायची नाही. वापरून टिकलेली कोणती असेल तर सांगा.

सी-४०३: ताई, ती फिरत्या तबकडीवाली घ्या ना. बारीक फवारा, झारीसारखी सर, जोराची धार, सगळं एकातच मिळतं.

बी-२०४: माझं मत उलट आहे. बाहेर उन्हात पडून राहणाऱ्या वस्तूत हलणारे भाग जितके कमी तितकी ती जास्त टिकते. तबकडीत प्रत्येक फवाऱ्याला वेगळी बारीक भोकं असतात. पाणी जड असेल तर ती क्षाराने बुजतात. मग तबकडी घट्ट होते, कोणीतरी जोर लावून फिरवतं आणि आतला खाचेचा तुकडा मोडतो. एवढं करून रोज वापरले जाणारे फवारे दोनच असतात.

ए-१०१: मग प्लास्टिक नकोच, धातूचीच घेऊ या का?

बी-२०४: ताई, इथे नीट बघावं लागतं. "मेटल बॉडी" लिहिलेल्या बऱ्याच गन जस्ताच्या ओतीव मिश्रधातूच्या असतात, वरून क्रोमचा मुलामा. मुलामा सुटला की आत पांढरी भुकटी धरते आणि आट्यांपाशी तडा जातो. हातात घेऊन मागच्या तोंडाच्या आत बघा, जिथे पाइप बसतो तिथे. आटे पिवळे दिसले तर पितळ, राखाडी दिसले तर बहुतेक जस्तच. वजनावरूनही अंदाज येतो, त्याच आकाराचं पितळ जड लागतं. लोहचुंबकाने काही कळत नाही, दोन्हींना चिकटत नाही. चुंबक फक्त स्प्रिंग आणि खिळीला लावून बघा. जोरात ओढली गेली तर साधं पोलाद असण्याची शक्यता जास्त, ते गंजतं.

आणि आपली गन जिथून गळते ते नेमकं सांगतो. खटक्याच्या आत बोटाएवढा दांडा मागेपुढे सरकतो. त्यावर रबराची काळी ओ-रिंग असते. पाणी मुठीकडे येऊ न देण्याचं सगळं काम त्या एका रिंगचं. ती झिजली किंवा कोरडी पडली की मुठीतून पाणी आलंच. त्यामुळे गन घेताना पहिला प्रश्न हाच विचारायचा की ही उघडता येते का आणि रिंग बदलता येते का. दाबून कायमची बंद केलेली गन रिंग गेली की फेकावीच लागते.

डी-००२: मी वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलंय म्हणून सांगतो. खटकाच नको. साधं पितळी नोझल घ्या, पुढचा भाग फिरवला की फवारा, अजून फिरवला की धार, उलट फिरवला की बंद. आत ना स्प्रिंग, ना दांडा. एक-दोन रिंगा असतात, त्या सहज बदलता येतात. त्याच्या मागे छोटा पितळी बॉल व्हॉल्व्ह लावा, म्हणजे पाणी बंद करायला दर वेळी नोझल फिरवत बसायला नको.

बी-२०४: काका, अगदी बरोबर. मागच्या बागेसाठी हेच.

सी-६०१: पण भाऊ, आमच्या गच्चीवरच्या कुंड्यांचं काय? पितळी नोझलने रोपं आडवी होतील. शिवाय माझी बोटं दुखतात, फिरवायचं मला जमणार नाही.

बी-२०४: काकू, तुमची गरज खरंच वेगळी आहे. पितळी नोझल झारीसारखी सर देत नाही, ही त्याची मोठी उणीव. आणि गच्चीवर दाबही कमी. पाण्याची उंची १० मीटर असेल तेव्हा कुठे साधारण १ बार दाब मिळतो. गच्चीला टाकी जेमतेम दोन मीटर वर, म्हणजे ०.२ बार. तिथे बारीक फवाऱ्याची कुठलीही गन घेतली तरी पाणी नुसतं ओघळणार. तुम्हाला मोठ्या भोकांचं झारीचं तोंड आणि अंगठ्याने सरकवायची कळ, एवढंच पुरेल. ते प्लास्टिकचं चालेल, फक्त वापर झाल्यावर सावलीत ठेवा. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं.

ए-१०१: आणि नळाच्या जोडापाशी गळतं त्याचं? तिथे माळीदादा टेफलॉन टेप गुंडाळतात.

डी-००२: टेप काढा तिथली. त्या जोडात पाणी आटे अडवत नाहीत, आतला चपटा वॉशर अडवतो. तोच चेपलेला असणार. वॉशरचं पाकीट आणून क्लबहाऊसच्या कपाटात ठेवून द्या.

बी-२०४: ऑनलाइन मागवणार असाल तर आटे तपासा. पाऊण इंची बीएसपीला (आपल्याकडच्या नळांना असतात ते ब्रिटिश मापाचे आटे) एका इंचात १४ आटे असतात, अमेरिकी बागेच्या पाइपला साडेअकरा. दिसायला सारखेच. एक-दोन फेरे बसतात आणि अडकतात. तिथे पाना लावून जोर केला की दोन्हींचे आटे जातात.

अजून एक, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. आपल्याकडे नळ दिवसभर चालू असतो आणि पाणी फक्त गनने अडवलेलं असतं. म्हणजे प्रत्येक रिंग, प्रत्येक जोड रात्रंदिवस दाबाखाली. त्यात पाइप उन्हात तापून मऊ पडतो आणि क्लॅम्पपाशी फुगतो. अशाने उत्तम पितळही गळायला लागेल. काम झालं की आधी नळ बंद, मग खटका दाबून उरलेला दाब सोडायचा, मग पाइप गुंडाळायचा.

सी-४०३: पटलं. आमची तबकडीवाली जाम व्हायला लागलीये. क्षार निघतो का?

बी-२०४: पुढचं तोंड थोडा वेळ पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. मुलामा असेल तर रात्रभर ठेवू नका, उडतो. नंतर रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा. खोबरेल किंवा व्हॅसलीन नको, काही रबरं त्याने फुगतात.

ए-१०१: ठरलं तर मग. मागच्या बागेला पितळी नोझल आणि बॉल व्हॉल्व्ह, गच्चीला झारीचं तोंड, आणि वॉशर-रिंगांचं एक पाकीट. नळ बंद करण्याबद्दल माळीदादांशी मी स्वतः बोलते.

बी-२०४: मागवण्याआधी नळाच्या आट्यांचा जवळून फोटो टाका ताई, बाजूला पट्टी धरून. आटे मोजून सांगतो.

ए-१०१: हो, सकाळी उजेडात काढून टाकते.